काटा हलला तर काय कराल?

गाडीत वेगळा मीटर बसवायचा म्हणून पुण्याच्या नाना पेठेत जाण्याआधी एकदा आपल्या गाडीत नुसते बसा. इंजिन बंद असू द्या. समोरच्या पॅनेलकडे बघा आणि स्वतःला विचारा, या गाडीबद्दल मला नेमकी कसली काळजी वाटते? उत्तर सावकाश येऊ द्या.

जुनी डिझेल गाडी असेल तर पुणेकराच्या मनात बहुधा दिवे घाट उभा राहील. वडकी मागे पडलीय, खाली मस्तानी तलाव दिसू लागलाय, आणि पुढे मालाने भरलेला ट्रक रांगतोय. आपलं इंजिन जोर लावून चढतंय, पण वेगच नसल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. एप्रिलची दुपार. पॅनेलवरचा टेम्परेचरचा काटा मात्र मधोमध, शांत.

त्या शांतपणाकडे जरा बघत राहा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम तसा ठेवलेला असतो. पाणी 80 अंशांवर असो की 100 च्या जवळ, तो जागचा हलत नाही, कारण चालकाने उगाच घाबरू नये. तेलाच्या दाबाचा लाल दिवा तर दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. काय कळवायचं आणि केव्हा, हे कंपनीने आपल्या वतीने ठरवलेलं असतं. बाहेरून मीटर बसवणं म्हणजे तो निर्णय परत आपल्या हाती घेणं. मला त्यातली जबाबदारी मोठी वाटते.

म्हणून प्रत्येक मीटर हातात घेऊन एकच विचारा, काटा हलला तर मी काय करणार? उत्तर नसेल तर तो मीटर परत ठेवा. रोज हडपसर ते कोथरूड गर्दीतून जाणाऱ्याला टर्बोचं बूस्ट कळून काय करायचंय? व्होल्टमीटर साधा, पण कामाचा: गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना 14 च्या. गाडी चालू असूनही आकडा 12 कडे उतरू लागला की अल्टरनेटर बघायचा. जुन्या जीपमधल्या अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जायचा. जोडणी सैल झाली की आगीची भीती. तो पुन्हा बसवू नये.

तापमानाच्या मीटरपाशी मात्र रेंगाळा. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर उघडा पडतो, भोवती नुसती वाफ आणि हवा. मग इंजिन करपत असताना काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. हे दोनदा वाचा. चढलेल्या आकड्याला सगळेच घाबरतात. चढावर अचानक पडलेल्या आकड्याला घाबरायला शिकावं लागतं.

आता बसवण्याकडे वळू. सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. दोघांचा रेझिस्टन्स जुळला नाही तर काटा चुकीचा आकडा अगदी ठामपणे दाखवत राहील. इंजिन ब्लॉकवरचे आटे तपासा. 1/8 एनपीटी आणि 1/8 बीएसपी या दोन मापांचे आटे दिसायला सारखेच, पहिले वेढे बसतातही. पण एकात इंचाला 27 आटे, दुसऱ्यात 28. जोर लावून आवळलं की आटे जातात आणि तेल गळू लागतं. एका वायरीचा सेन्सर ब्लॉकमधूनच अर्थ घेतो, त्यामुळे टेफ्लॉन टेपचे थर चढवले तर तोच अर्थ तुटू शकतो. रबरी होजमध्ये अडॅप्टर टाकला असेल तर अर्थची वेगळी वायर ओढावीच लागते.

वायरमनच्या हाताकडे लक्ष द्या. चांगला माणूस आधी बॅटरीचं टोक काढतो, मीटरच्या लाइनला फ्यूज लावतो, आणि बॉनेटमधून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढत नाही. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट बसवतो, वायर त्यातून नेतो, बोटाने एकदा मागेपुढे हलवून बघतो. खड्ड्यांतून हादरत जाणाऱ्या गाडीत पत्र्याची धार वायरीचं आवरण कापत राहते. मिळणाऱ्या आकड्याचा भरवसा त्या एवढ्याशा रबरावर असतो. एअरबॅगच्या वाटेत मात्र मीटर नकोच, मग तो कितीही छान दिसो.

काटा जागेवर आला की काही दिवस फक्त ओळख करून घ्या. सकाळी थंड इंजिनवर तेलाचा दाब किती, सिग्नलला तापलेलं इंजिन उभं असताना किती, घाटाच्या माथ्यावर पाणी किती तापतं. हे तुमच्या गाडीचे आकडे. शेजारच्याच्या गाडीचे वेगळे असतील. लिहून ठेवा. आणि त्याच कागदावर पुढचंही लिहा. पाणी नेहमीच्या आकड्यापुढे गेलं तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, रुंद जागा दिसताच गाडी बाजूला. तापमानाचा काटा एकाएकी पडला, तरी बाजूलाच. तेलाचा दाब पडला तर गाडी सांभाळून कडेला घेऊन इंजिन लगेच बंद. आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात नाही.