पोटातलं सारवण

रिसोड तालुक्यातल्या रिठदला पहाट झाली की अंगणात सडा पडतो, तव्यावर भाकर फुगते. वावरात जायच्या आधी भाकर-पिठलं नाहीतर तुरीचं वरण पोटात जातं. पहिला घास उतरला की अंगणासारखंच पोटातही सारवण सुरू होतं.

जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. त्याच्या तोंडावर उभी असलेली अस्तराची वरची पेशी जेमतेम तीन ते पाच दिवस टिकते. ती गळते, खालून नवी पेशी वर सरकते. या नव्या पेशींना वाढायला कोण सांगतं?

१९०५ साली लंडनमध्ये जॉन एडकिन्स यांना जठराच्या खालच्या भागात आम्ल पाझरवणारं एक द्रव्य सापडलं. त्यांनी त्याला गॅस्ट्रिन म्हटलं. ते शुद्ध रूपात हाती यायला १९६४ साल उजाडलं. लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी ते साधलं. पुढे उमगलं, की आम्ल मागवणारं हेच संप्रेरक आम्ल झेलणारी भिंतही जाड ठेवतं. १९७५ मध्ये संशोधकांनी काही उंदरांना सगळं पोषण शिरेतून दिलं. अंगाला काहीच कमी नव्हतं, पण तोंडावाटे घास नव्हता. त्यांचं जठर खंगलं. ज्यांना गॅस्ट्रिनसारखं द्रव्य टोचलं, त्यांचं जठर मात्र टिकलं.

घासाबरोबर पोषण जातं, तसा निरोपही जातो. डाळी-बेसनातली प्रथिनं पचू लागली की तो निरोप ठळक होतो. आम्ल पुरेसं झालं की सोमॅटोस्टॅटिन नावाचं दुसरं संप्रेरक लगाम खेचतं. हा लगाम सुटून गॅस्ट्रिन बेसुमार वाढलं, तर जठराच्या घड्या सुजल्यासारख्या जाड होतात. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तरी रक्तातलं गॅस्ट्रिन वाढतं, कारण आम्ल पुरेसं झाल्याची खूणच जठराला मिळत नाही.

वाढ आणि आवर, दोन्ही एकाच घरात नांदतात म्हणून हे घर उभं आहे. तेव्हा पोटात जळजळलं की आपल्या मनाने महिनोन्महिने गोळ्या गिळत राहू नका, डॉक्टरांना विचारा. आणि आज वावराकडे निघण्याआधी दोन घास शांतपणे, चावून खा.