एकट्याचें आसन

जी वस्तु आपल्या मालकीची आहे तिच्यांत आपण वाटेल तो फेरफार करावा कीं करूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां इतका सोपा वाटतो कीं तो विचारण्याचेंही कोणास कारण दिसूं नये. वस्तु आपली, पैसा आपला, हौस आपली; मग आक्षेप घेणारा दुसरा कोण? परंतु नीतिशास्त्रांतील पुष्कळ अवघड प्रश्न असल्याच सोप्या उत्तरांच्या आड दडलेले असतात. त्यांपैकीं एक प्रश्न नवी मुंबईच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या एका लहानशा हौसेच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही हौस म्हणजे जुन्या मोटारसायकलीचें मूळचें दोघांचें लांब आसन काढून तेथें 'कॅफे' धर्तीचें एकट्याचें आसन करवून घेण्याची.

या धर्तीचा उगम लंडनकडचा आहे. तेथील नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ सालीं 'एस कॅफे' नांवाचें उपाहारगृह निघालें. युद्धानंतरच्या काळांत तें मोटारसायकलस्वार तरुणांचा अड्डा बनलें. १९६९ मध्यें तें बंद पडलें व २००१ मध्यें पुन्हां उघडलें. हे तरुण शर्यतींतल्या गाड्यांचें अनुकरण करून आपल्या गाड्यांवरचा भार उतरवीत. शर्यतीच्या गाडीवर दुसरा मनुष्य बसावयाचा नसतो, म्हणून आसन एकट्याचें. आणि गाडीनें एकदम वेग घेतला असतां स्वार मागें घसरूं नये, म्हणून त्याच्या पाठीशीं उंचवटा. त्या आसनाचा प्रत्येक अवयव असा कांहीं प्रयोजनानें घडलेला आहे. आज पाम बीच मार्गावर फिरणाऱ्या तरुणास शर्यत जिंकावयाची नसते. प्रयोजन गळालें आहे व रूप तेवढें उरलें आहे. एवढ्यावरून त्यास हंसण्याचें मात्र कारण नाहीं. आपल्या कोटाच्या बाहीवरील गुंड्याही आज कशासाठींच नसतात.

आसन घडविण्याची रीत पाहण्याजोगी आहे. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून तो चेसिसवर बसवून पाहतात. त्याबरहुकूम पत्र्याचा किंवा फायबरग्लासचा तळ तयार करितात. तळावर घट्ट फोम चिकटवून तो सुरीनें व पॉलिश पेपरनें आकारास आणितात. आणि शेवटीं रेक्झिन मापानें शिवून, ताणून, तळाच्या कडेस पक्कें करितात. या सर्व कामांत एकच जागा अशी येते कीं जेथें कारागीर हात थांबवून मालकास विचारतो. नवें आसन जुन्याच बोल्टांवर बसवावयाचें, कीं चेसिसचा मागचा भाग कापून तेथें वांकविलेला पाइप वेल्डिंगनें जोडावयाचा? पहिल्या रीतीनें जुनें आसन माळ्यावर राहतें व अर्ध्या तासांत परत बसतें. दुसऱ्या रीतीनें गाडी अधिक डौलदार दिसते, पण पूर्वीची होऊं म्हटल्यास सहजासहजीं होत नाहीं. आमच्या प्रश्नाचें मर्म या ठिकाणीं आहे.

समजा, नेरुळच्या एका कुटुंबांत १९९० च्या सुमारास घेतलेली यामाहा आर. एक्स. १०० आहे. ही गाडी भारतांत १९८५ सालीं आली व १९९६ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तिच्या ९८ घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची मोहिनी मात्र अद्याप ओसरलेली नाहीं. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. परंतु मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल यावयास १९९२ साल उजाडलें. तोंवर या नव्या नगरांत संसार मांडणाऱ्यांची भिस्त बसवर आणि ज्यांच्या घरीं असेल त्यांची दुचाकीवर. त्या आर. एक्स. च्या मागच्या अर्ध्या आसनावर घरची गृहिणी बाजाराच्या पिशव्या सांभाळीत बसली, तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन रात्रीं दवाखान्यांत गेली. नोंदणीपुस्तकांत तिचें नांव कोठेंही नाहीं. आतां मुलगा पंचवीस वर्षांचा झाला, वडिलांनीं गाडी त्याच्या नांवावर करून दिली, व त्यास तेथें एकट्याचें आसन हवें आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस असें प्रतिपादिलें कीं, मनुष्य ज्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. मात्र इतरांसाठीं पुरेसें व तितकेंच चांगलें मागें राहिलें पाहिजे, ही अट त्यानें सोबत जोडली होती. पहिलें अर्धें वाक्य सर्वांच्या लक्षांत राहतें, अट विसरली जाते. शिवाय श्रमांनींच हक्क येत असेल, तर त्या गाडीवर तीस वर्षें ओझें धरून बसलेल्या माउलीचा हक्क सीटवाल्यास पैसे मोजणाऱ्या मुलापेक्षां कमी कसा?

कायदाही येथें अगदींच मुका नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हा निर्बंध उचलून धरिला. बसण्याच्या जागांची संख्या हा त्या तपशिलाचाच भाग होय. १९८९ च्या नियमांत तर मागें बसणाऱ्यासाठीं हातास आधार, पायास टेकण व वस्त्र चाकांत अडकूं नये म्हणून चाकास आडोसा सांगितला आहे. नियम लिहिणाऱ्यानें पाठीमागच्या लुगड्याचा पदर आठवला होता, हें आम्हांस मोठें मार्मिक वाटतें. तथापि दंडाच्या भयानें जो थांबला त्यानें प्रश्न सोडविला असें होत नाहीं.

मुलाच्या बाजूनें बोलावयाचें तें प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. दोन खोल्यांच्या घरांत तो वाढला. अभ्यास सर्वांच्या देखत, निजणें सर्वांच्या मध्यें. दार लावून घ्यावें अशी खोली त्यास कधीं मिळालीच नाहीं. पहांटे रस्ता रिकामा असतां खाडीच्या कडेनें एकट्यानें जावें, कोणास पोंचवावयाचें नाहीं, कोणास आणावयाचें नाहीं, ही तासाभराची मोकळीक त्यास हवी असेल तर तिला स्वार्थ म्हणणें अन्यायाचें होईल. एकांत ही श्रीमंतांचीच गरज आहे असें थोडेंच आहे? आणि आज आई लोकलनें किंवा रिक्षानें जाते, तें मागचें आसन रिकामेंच धांवतें. मग तें काढल्यानें कोणाचें काय बिघडलें?

आमच्या मतें बिघडतें तें विचारल्यावांचून काढल्यानें. आईस विचारलें तर ती बहुधा हंसेल आणि "कर बाबा तुझ्या मनासारखें" असें म्हणेल. परंतु त्या एका वाक्यानें गोष्ट पालटते. जी जागा हिरावली गेली असती ती आतां तिनें दिली असें होतें, आणि देणाऱ्याचा मान तिच्याकडे राहतो. जे हयात आहेत त्यांना विचारतां येतें. पण ज्यांना विचारतां येत नाहीं अशीही माणसें आहेत. उद्यां घरांत येणारी सून, परवां होणारें मूल, किंवा ही गाडी विकत घेणारा कोणी अनोळखी गृहस्थ. त्यांची संमति मिळणें शक्य नाहीं. म्हणून त्यांच्यासाठीं वाट मोकळी ठेवणें हेंच कर्तव्य उरतें. चेसिस न कापणें याचा नैतिक अर्थ एवढाच आहे.

तेव्हां तरुणानें आपलें आसन अवश्य करवावें, मात्र तें जुन्या बोल्टांवर बसणारें असावें. जुनें आसन जुन्या धोतरांत गुंडाळून माळ्यावर ठेवावें, आणि त्याचें रेक्झिन उसवलें असेल तर त्याच सीटवाल्याकडून तेंही शिवून घ्यावें. म्हणजे एखाद्या दिवशीं आईस वाशीच्या बाजारांत जावयाचें झालें, आणि तिच्या मनांत आलें, तर तिची जागा तिला पुन्हां मिळेल.