याच देहात

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सेनापती जॉर्ज पॅटन मनापासून मानत, की आपण मागच्या अनेक जन्मांतही रणांगणावर लढलो आहोत. पुनर्जन्म तर आपल्याकडे घरोघरी मानलेला. तरीही पुण्याने आपल्या सेनापतीसाठी पुढच्या जन्मावर भागवून घेतले नाही.

१४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढे थोरल्या माधवरावांनी त्यांच्याच नावाने सदाशिव पेठ वसवली. पण भाऊ गेले, हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत मानले नाही. त्या सौभाग्यलेणी लेऊनच राहिल्या. मग भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला. कैदेत पडला; १७७६ मध्ये रत्नागिरीतून सुटताच कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला.

इतिहास त्याला तोतया म्हणतो, आणि ते खरेच आहे. मला मात्र त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल फार कळवळा वाटतो. पानिपताहून कितीतरी घरांतले पुरुष परतले नव्हते. पंधरा वर्षांनी भाऊ येऊ शकतात, तर आपलाही माणूस येईल, असे त्या घरांना वाटले असणार.