मन नसेल तर हात काय करणार?



पेणच्या कारखान्यांत गणपतीची एक मूर्ती अनेक हातांतून जाते. कोणी शाडूची माती मळतो, कोणी ती साच्यात दाबतो, कोणी घासून गुळगुळीत करतो, कोणी रंग देतो. शेवटी डोळ्यांची आखणी होते. माती तीच, साचा तोच. तरी एका मूर्तीचे डोळे जिवंत वाटतात आणि दुसरीचे वाटत नाहीत. हा फरक केवळ सरावाचा की कामातल्या मनाचाही?

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळा. तर पडताळून पाहा. दोन भावांना तेच काम द्या, एकाला ते आवडते, दुसऱ्याला नाही. मग ज्यात आवड उलटी आहे असे दुसरे काम द्या. शिकवणारा एक, वेळ एक, मजुरी एक. दोन्ही वेळी आवडणाऱ्याचाच हात सरस ठरला, तर तो नुसत्या कसबाचा गुण म्हणता येईल काय?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये हेच दाखवून दिले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. तिने माणसाची आवड वा पात्रता कधी विचारली नाही. जन्माने काम ठरवले आणि काही कामांवर कलंक लावला. मन नसलेल्या कामात कसब कोठून येणार? आपल्या पूर्वजांना कामचुकार म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न कधी स्वतःला विचारला काय?

आता खरा पेच आपल्याच घरातला आहे. मुलाला आखणी आवडते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञांत गौरी-गणपती न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. मूर्ती रंगवणे म्हणजे तिची पूजा करणे काय? माझ्या मते नाही. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितला. मातीकाम त्यात नाही. तरी त्याचे स्वतःचे मन कचरत असेल, तर त्याला तिथे बसवू नका. तो हात बुद्धमूर्तीही घडवू शकेल.

बाप म्हणतो, "रोह्याला जा, धाटावच्या कारखान्यात पगार बांधलेला आहे." पोटाची काळजी खोटी नाही. पण मुलाला न विचारताच त्याचे काम ठरवले, तर बाबांनो, आपण जन्माच्या जागी फक्त बापाचा हुकूम बसवला. धम्म स्वीकारणारे घर मुलाला आधी विचारते, मग सल्ला देते.

आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा त्याला विचारा.

जयभीम!