ती निवडणुकीला उभी होती काय?

शास्त्रपाठ : १ शमुवेल २०:२४-३४



१० ऑगस्ट २०२२ रोजी गोव्यात १८६ ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. त्याच्या थोडे दिवस आधी पेडणे तालुक्यातील एका कुटुंबाकडे प्रार्थनेला जात असता मी धारगळ येथे हमरस्त्यालगतच्या एका गाड्यावर चहासाठी थांबलो. पाऊस कोसळत होता, त्यामुळे निघण्याची घाई कोणालाच नव्हती. बोलणे अर्थातच निवडणुकीचे चालले होते. गोव्यात पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पक्ष नाही म्हणजे जाहीरनामाही नाही. मग उमेदवाराचे घर हाच त्याचा जाहीरनामा होऊन बसतो. एका उमेदवाराच्या मुलीचे ठरलेले लग्न का मोडले याची 'आतली' हकीकत एक गृहस्थ रंगवून सांगत होते. सगळे हसले, आणि मीही हसलो.

इतक्यावर थांबते तर बरे होते. त्याच संध्याकाळी प्रार्थनेनंतर, राजकारण किती खालच्या थराला गेले आहे हे सांगण्याच्या निमित्ताने, मी ती हकीकत जशीच्या तशी सांगितली. (निंदा सांगायला निषेधाइतके सोयीचे निमित्त दुसरे नाही, हे पाळकांना इतरांपेक्षा चांगले ठाऊक असते.) चहा देत असलेली एक बहीण जागीच थांबली. शाळेत त्या मुलीला तिने शिकवले होते. ती हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, ती निवडणुकीला उभी आहे काय?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शास्त्र उघडले तो आजचा पाठ पुढे आला. अमावास्येच्या भोजनाला दाविदाची जागा रिकामी आहे. शौलाच्या मनात एकच प्रश्न आहे, आपल्यामागे गादी कोणाची? तो तसे बोलूनही दाखवतो, पण ते एकतिसाव्या वचनात. त्याच्या आधीच्या वचनात तो योनाथानाला त्याच्या आईवरून शिवी देतो. म्हणजे ती स्वतः शौलाची बायको! तिने काय केले होते? तेथे तिचे नावही घेतलेले नाही, आणि ती त्या पंक्तीला होती असेही शास्त्र सांगत नाही. भांडण सिंहासनाचे, आणि चिखल एका गैरहजर स्त्रीच्या अंगावर. शब्दामागून भाला येतो, आणि योनाथान अन्न न घेता पंक्तीतून उठून जातो. तो एकटाच उठला. बाकीचे जेवत राहिले असावेत, असे मला वाटते.

आपल्या प्रभूचे तरी काय झाले? नासरेथकरांना त्याच्या शिकवणीत खोट काढता येईना, तेव्हा त्यांनी त्याची आई आणि भाऊबहिणी मोजायला सुरुवात केली (मार्क ६:३). पुढे यरुशलेमेत वाद हातघाईवर आला तेव्हा विरोधक म्हणाले की आमचा जन्म तरी व्यभिचारातून झालेला नाही (योहान ८:४१). हा टोमणा मरियेवर होता असे पुष्कळ भाष्यकार मानतात.

कोणी म्हणेल, मग पुढाऱ्याच्या घराविषयी बोलायचेच नाही काय? बोलायचे. शमुवेलाचे पुत्र योएल व अबीया लाच घेत, न्याय विकत. इस्राएलाचे वडील रामा येथे गेले आणि म्हाताऱ्या संदेष्ट्याला त्यांनी ते तोंडावर सांगितले (१ शमुवेल ८:१-५). ते पुत्र न्यायाधीशाच्या आसनावर बसले होते, म्हणून त्यांच्याविषयी विचारण्याचा लोकांना हक्क होता. आजही एखाद्याच्या अधिकारावर त्याचा मुलगा किंवा जावई ठेके मिळवत असेल तर भर सभेत विचारावे. मोडलेल्या लग्नाचा पंचायतीच्या पाण्याशी आणि रस्त्याशी काय संबंध?

हे केवळ खेड्यात घडते असे नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत सुप्रिया सुळे आणि त्यांच्या वहिनी सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या राहिल्या. प्रचारात 'मूळचे पवार' आणि 'बाहेरून आलेले पवार' हे शरद पवारांचे शब्द गाजले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असे त्यांनी नंतर सांगितले. तरीही पुष्कळ घरांतील सुनांना ते शब्द लागले असतील. रूथ मवाबी होती, बाहेरून आलेली सून होती, आणि मत्तयाने तिचे नाव प्रभूच्या वंशावळीत लिहिले आहे. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्याच ऑगस्टमध्ये अजित पवारांनी, बहिणीसमोर पत्नीला उभे करणे ही चूक होती, राजकारण घरात शिरू द्यायला नको होते, अशी जाहीर कबुली दिली. त्यांच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, असे उघड बोलणे सोपे नसते.

कायदाही आहे. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकांसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापणे हा भ्रष्ट आचार ठरवला आहे. आचारसंहिताही खाजगी जीवनावर टीका नको म्हणते. पण कलमाचे शब्द उमेदवाराविषयी आहेत, घरात दार लावून बसलेल्या मुलीचा उल्लेख त्यात नाही. शिवाय चहाच्या गाड्यावरचे हसणे, किंवा व्हॉट्सॲपवर एका बोटाने पुढे ढकललेला मजकूर, कोणत्या न्यायालयात नेणार?

पुढच्या खेपेस धारगळला मी मुद्दाम त्याच गाड्यावर थांबलो. निकाल लागून गेला होता. तेच गृहस्थ भेटले. मी म्हणालो, "त्या दिवशीची गोष्ट मी पुढे सांगितली. खरी की खोटी, मला ठाऊक नव्हते. तसे करायला नको होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "कसली गोष्ट?" ते म्हणाले. ते खरोखरच विसरून गेले होते.

मी चहाचे पैसे दिले आणि त्या बहिणीच्या घराची वाट धरली.