न मागणाऱ्या फुलाचा हक्क

हिवाळ्यात इंदूरच्या नर्सऱ्यांतून जिरॅनियमच्या कुंड्या हौसेने घरी येतात आणि वैशाखात पारा चाळिशीपार गेला की बहुतेक माना टाकतात. त्याच अंगणात, कुंपणाच्या भेगेत आपसूक उगवलेली सदाफुली, इथल्या बोलीत सदाबहार, भर उन्हात फुललेली असते. भिंत रंगवायची वेळ आली की पहिली उपटली जाते तीच. पूजेच्या तबकातही जास्वंद, मोगरा, शेवंती नसेल तेव्हाच तिची आठवण होते. जे आपल्याकडून काही मागत नाही त्याचे मोल कमी, ही सवय बागेपुरती असती तर सोडून देता आली असती. घरातही कुरकुर न करणाऱ्या माणसाच्या ताटात शेवटी उरलेले पडते. हीच सवय भक्तीत शिरते तेव्हा तो अन्याय ठरतो, असे माझे म्हणणे आहे.

यावर गंभीर आक्षेप असा की, अर्पण म्हणजे त्याग. जे फुकट मिळाले ते देण्यात कसला त्याग? पण गीतेच्या नवव्या अध्यायात देवाला चालणाऱ्या वस्तू म्हणून पान, फूल, फळ आणि पाणी एवढीच नावे आहेत, म्हणजे कुणालाही परवडेल तेच. अट आहे ती देणाऱ्याच्या मनावर. माळव्याने तर हे राजघराण्यात पाहिले आहे. महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या वाड्यात मातीची पार्थिव लिंगे घडवून, पूजून नर्मदेत सोडण्याची परंपरा आजही चालू आहे. माती फुकटची, ती मळणारे हात आणि त्यात गेलेला वेळ फुकटचा नव्हे. त्याग वस्तूच्या किमतीत मोजला तर श्रीमंताची भक्ती आपोआप थोर ठरेल, आणि मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्यांना आपण संत तरी का म्हणावे?

मग सदाफुलीसाठी कोणते हात राबतात? प्रश्न रास्त आहे. ती उन्हाने सहसा मरत नाही, मरते ती आपल्या उत्साहाने. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, त्यात आपण रोज झारी ओततो, आणि मुळे कुजतात. तिच्यासाठी वाफा उंच करावा लागतो, मातीत वाळू मिसळावी लागते, शेंडे खुडावे लागतात. आणि सर्वांत अवघड म्हणजे हात आवरावा लागतो. दुसऱ्याचा स्वभाव ओळखून आपली हौस मागे घेणे हा मला कमळ विकत आणण्याहून मोठा त्याग वाटतो. ती मूळची मादागास्करची, शास्त्रात तिचे नाव नाही, हा आक्षेप मात्र फार वेळ टिकत नाही. दसऱ्याचे तोरण ज्या झेंडूचे, तोही मूळचा मेक्सिकोकडचा.

तिची बाजू घेणारे बहुधा औषधाचा दाखला देतात. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावरच्या उपायाची एक लोकसमजूत तपासत होते. त्यांना सदाफुलीच्या पानांत सापडले ते पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य, व्हिनब्लास्टिन. त्याच झाडातून पुढे मिळालेले व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते. हे मोठेच आहे. पण तेवढ्यासाठी तिला मान देणे म्हणजे पुन्हा तिच्याकडून किंमत वसूल करणे. त्या शोधाआधीही फूल हेच होते आणि वाहणाऱ्याचा भावही हाच. शिवाय झाड विषारी आहे. साखर उतरावी म्हणून त्याची पाने चघळण्याचा प्रकार घातक ठरू शकतो, तो बंद झाला पाहिजे.

येत्या मृगात भिंतीतली रोपे उपटून फेकू नका. पाऊस सुरू होताच ती मुळांसकट अलगद काढून उंच वाफ्यात लावा, आणि त्यांची फुले तबकात जास्वंदीच्या शेजारी ठेवा, ती संपल्यावर नव्हे.