विनाकारण घाम

घामाला आपल्याकडे एक नैतिक वजन आहे. कष्टाचा घाम म्हटले की आपण मान लववतो, आणि घाम न गाळता मिळालेल्या पैशाकडे, तो दुसऱ्याचा असेल तर, जरा तिरक्या नजरेने पाहतो. पण ज्या घामातून दाणा उगवत नाही की मजुरी मिळत नाही, तो कोणत्या खात्यावर मांडावा? गेले सहा महिने रोज सकाळी अर्धा तास मी असा घाम गाळीत आहे, म्हणून हा प्रश्न मला पडला.

रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. दिवस चैत्राचे, रामनवमीच्या सुमाराचे. आमच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला तेव्हा यात्रा भरते आणि ऊन असे तापते की सकाळी आठनंतर रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. तेव्हा पुण्याच्या लेकीने नाचाच्या व्यायामाचा एक व्हिडिओ पाठविला. पडद्यावर एक चपळ मुलगी एक ते आठ आकडे मोजते. दोन पावले उजवीकडे, दोन डावीकडे, हात वर, टाळी, गिरकी. ती समोर उभी असल्यामुळे तिचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला येतो, आणि पहिले पंधरा दिवस माझे हातपाय याच घोटाळ्यात गुंतले होते. ती मधूनमधून ‘शाब्बास’ म्हणते. मी खुर्चीत टेकलेली असले तरी म्हणते!

या प्रकाराचे मूळ फार जुने नाही. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक 1968 साली निघाले. बराच वेळ, झेपेल इतक्या वेगाने हालचाल चालू ठेवावी, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसे शरीराला प्राणवायू पुरविण्यात तरबेज होतात, हे त्यातले सूत्र. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन या बाईंनी प्वेर्तो रिको येथील हवाई तळावरच्या स्त्रियांसाठी त्याला नाचाची जोड दिली, आणि 1982 साली जेन फोंडा या नटीच्या व्हिडिओ कॅसेटने तो घराघरांत नेला. आपल्याकडे औंधच्या राजेसाहेबांनी त्याच्या कितीतरी आधी सूर्यनमस्कार शाळांत नेले होते. पण सूर्यनमस्कार घालताना हसू येत नाही, इथे येते. फरक असलाच तर मला हाच वाटतो.

परवा सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई दारातच थबकली. ती जवळच्या तांड्यावरची. आमची भांडी आटोपून पुढे दिवसभर वावरात वाकायची होती. माझ्या निथळत्या अवताराकडे पाहून ती म्हणाली, “बाई, येवढा घाम गाळाचा असन तं चाला ना माह्यासंगं वावरात. मजुरी तरी भेटन!”

आम्ही दोघीही हसलो. पण तिचे बोलणे माझ्या मनातून जाईना. तिला शास्त्रोक्त उत्तर देता आले असते: सोंगणीने कंबर मोडते, हृदयाचा व्यायाम निराळा, वगैरे. ते उत्तर खरे आहे आणि तरीही लबाड आहे. माझ्या घरी नळाला पाणी येते, दळण गिरणीत जाते, भांडी ती घासते. माझ्या अंगचे कष्ट असे एकेक करून दुसऱ्यांकडे गेले आणि त्यांची उणीव भरून काढायला मी पडद्यापुढे उड्या मारते. एवढ्यावरच विचार थांबता, तर मी व्हिडिओ बंद करून केरसुणी हातात घेतली असती.

पण हीच बाई होळीत, दिवसभर राबून आल्यावर, तांड्यावर डफाच्या तालावर रात्र होईतो लेंगी नाचते! तिच्या हृदयाला व्यायामाची काय वाण आहे? म्हणजे शरीर श्रमाने थकले तरी त्याची नाचाची भूक उरतेच. नाच ही कष्टांची भरपाई नव्हे. ती निराळीच गरज आहे, आणि ती तिला आहे तशी मलाही आहे. मग मी तिला ‘व्यायाम’ का म्हणते? कारण आम्हा पांढरपेशा घरांतल्या बायकांना नाचायला परवाना लागतो. मुलगी परकरातून साडीत आली की फुगडी सुटायची. लग्नानंतर मंगळागौरीला एक रात्र देवीच्या नावावर मोकळीक मिळायची. आता साखरेच्या नावावर मिळते. परवाना देणारा बदलला, इतकेच.

एका गोष्टीत मात्र जुने परवाने बरे होते. फुगडीत समोरचीचे हात घट्ट धरावे लागत. एकीने सोडले तर दोघीही पडत. पडद्यावरची मुलगी मला कधी पाडणार नाही आणि कधी सावरणारही नाही. तिच्या ‘शाब्बास’ने माझे समाधान होत नाही, ते यामुळेच असावे.

हे सारे मी त्या बाईला माझ्या परीने सांगून पाहिले. तिने निम्मे ऐकले आणि येत्या होळीला तांड्यावर यायचे आमंत्रण दिले. मी म्हणाले, “अगं, माझे गुडघे दुखतात.”

“मंग सकायच्यान कसे नाई दुखत?” ती म्हणाली, आणि विळा घेऊन वावराकडे निघाली.